रिकाम्या ट्रॉलीचं माप

मित्रांनो, माझी ओळख मीच करून देते, नाहीतर लोक भलतीच करून देतात. मी चोवीस इंची, काळी, दोन दांड्यांची सायकल आहे. काळा रंग आता निम्माच उरला आहे, बाकी गंज. "घंटी सोडून हिचं सगळं वाजतं," असं कोणीतरी म्हणतं आणि आजूबाजूचे हसतात. हा विनोद मी चाळीस वर्षं ऐकते आहे. पहिल्या खेपेला मलाही हसू आलं होतं. आताच्या गियरवाल्या, रंगीत सायकलींना असं कोणी बोलत नाही. नका बोलू. पण पेंडीची दोन पोती कॅरिअरवर घेऊन त्यांना आमच्या वस्तीचा माळ चढून दाखवायला सांगा, मग आपण बोलू.

माझा जन्म लुधियानाचा. तिथून मी सुट्या भागांत, खोक्यात बसून निंबाळगावला आले. निंबाळगाव म्हणजे ढोकीच्या वाटेवरचं गाव. तेव्हा ते खेडं होतं, आता तिथं नगरपंचायत आहे आणि मुख्य रस्त्यावर चालायला जागा नाही. पंचाक्षरी मिस्त्रीनं मला जोडलं. तो मोठा खट माणूस. चाक फिरवायचा आणि कडेला खडू धरायचा. चाक जिथं वाकडं असेल तिथं खडूची रेघ उमटायची. मग आरा आवळायचा, पुन्हा फिरवायचा. रेघ उमटायची थांबली तेव्हा कुठं त्यानं मला दुकानाची पायरी उतरू दिली.

माझा पहिला मालक बिरू. धनगर वस्तीवरचा, उंच, अबोल माणूस. तिशीपर्यंत मेंढरांमागं चालला होता आणि मग त्याला साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली. वस्ती ते कारखाना रोज पायी जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी आले. मेंढरांना हाकणाऱ्या माणसाला सायकल हाकणं काही जमेना. पहिल्या दिवशी त्यानं मला थेट बाभळीत घातलं. त्याची बायको हरणाबाई बांधावर उभी राहून पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या हँडलला नजर लागू नये म्हणून काळ्या लोकरीची दोरी बांधली, आणि त्यानंतर आम्ही दोघं कधी पडलो नाही.

ते माझे चांगले दिवस होते. खंडेनवमीला घरातली अवजारं पुसून मांडली जायची, त्यात मला पहिला मान असायचा. हळदकुंकू, झेंडूचा हार. माझ्यावर काय काय बसलं म्हणून सांगू! नुकतं जन्मलेलं कोकरू पिशवीत घालून हँडलला, हरणाबाई बाजाराला जाताना मागं, त्यांचा मुलगा शिवराज पुढच्या दांडीवर. शिवराज शाळेला दांडीवर बसूनच गेला. मला वाटायचं, हे असंच चालायचं.

पण शिवराज मोठा झाला, ट्रॅक्टर शिकला आणि हिंमतरावांकडं ड्रायव्हर म्हणून लागला. हिंमतराव हे गावातले मोठे बागायतदार, दोन ट्रॅक्टर आणि चार ट्रॉल्यांचे धनी. शिवराजनं मोटारसायकल घेतली. बिरू म्हातारा होऊन गेला. मला शेळ्यांच्या खोपटात भिंतीला लटकवलं. बिरू असता तर असं झालं नसतं, असं मनात यायचं, पण कोणाला दोष द्यावा असं कोणी दिसत नव्हतं. कोंबड्यांनी माझ्या कॅरिअरवर अंडी घातली. एक तर पिल्लं निघेपर्यंत माझ्यावर बसून राहिली. सांगायला लाज वाटते, पण त्या तीन आठवड्यांत मला जरा बरं वाटलं. कोणाच्यातरी उपयोगी पडत होते.

मला खाली उतरवलं ते शिवराजच्या मुलीनं, दीपालीनं. ती आठवीत गेली होती. हायस्कूल गावाच्या दुसऱ्या टोकाला, वस्तीपासून पाच किलोमीटर. एसटी वस्तीवर थांबत नाही. आईवडील दिवसभर कामावर, शिवराज तर उसाच्या सीझनमध्ये रात्रंदिवस ट्रॅक्टरवर. दीपालीनं मला ढकलत पंचाक्षरी मिस्त्रीकडं नेलं. मिस्त्री आता थकला आहे आणि मोटारसायकलींचे पंक्चर काढतो. त्यानं मला बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "हिचं चाक म्या लावल्यालं हाय." टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर नवे बसले. सीटवरून दीपालीचा पाय पोचत नव्हता, म्हणून पहिले दोन महिने तिनं दांडीखालून पाय घालून मला चालवलं. माझ्यासारख्या मोठ्या अंगाच्या सायकलीला ते फार गुदगुल्यांचं असतं.

तिच्यामागं वस्तीवरच्या आणखी सहा मुली सायकलवर जाऊ लागल्या. सात जणी एका ओळीत निघायच्या आणि मी सगळ्यांत पुढं.

आता मुख्य गोष्टीकडं येते. आमच्या मुख्य रस्त्याला फाट्यापासून हायस्कूलपर्यंत दोन्हीकडं दुकानं आहेत आणि मधोमध एसटी स्टँडचं वळण. उसाचा सीझन सुरू झाला की कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर याच रस्त्यानं जातात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, म्हणजे वळणावर आगगाडीच. दीपाली नववीत असताना, डिसेंबरमध्ये, अशाच एका ट्रॉलीनं आम्हाला वळणावर गाठलं. चाक लागलं नाही. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाचं टोक तिच्या दप्तराच्या पट्ट्यात अडकलं आणि आम्ही दोघी नालीत गेलो. ड्रायव्हरला पत्ताच नव्हता. तो गाणी वाजवत पुढं निघून गेला. दीपालीचं मनगट मोडलं. माझ्या पुढच्या चाकाचा चिमटा वाकला, पण त्याचं काही नाही.

त्या दिवशी दीपालीच्या आजीनं, हरणाबाईनं निकाल दिला. "सीझन संपंतवर शाळा बंद. हात मोडला, उद्या मान मोडंल."

तिचं बघून बाकीच्या सहा घरांनीही तेच केलं. डिसेंबर ते मार्च सात मुली घरी. नववी कशीबशी निघाली. पण पुढच्या वर्षी दहावी होती, आणि दहावीची परीक्षा भर सीझनमध्येच येते. म्हणजे पुढच्या सीझनलाही शाळा बंद राहिली तर दीपालीची दहावी गेलीच. हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

अशात उन्हाळ्यात बातमी आली की नगरपंचायत मुख्य रस्त्याच्या डाव्या कडेला सायकलींसाठी चार फुटांचा पट्टा करणार. हिरवा रंग, कडेला पिवळे रबरी खांब. मला तर हसावं की रडावं कळेना. चाळीस वर्षांत आमच्यासाठी कोणी वीतभर जागा राखली नव्हती.

गावात मात्र रान पेटलं. मे महिन्यात नगरपंचायतीच्या हॉलमध्ये सभा झाली. दीपालीनं मला बाहेर खिडकीला टेकवलं होतं, त्यामुळं मी सगळं ऐकलं. नगराध्यक्ष तारामतीबाई मध्ये बसल्या होत्या.

"गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार? माझ्या डोक्यावर?" किराणा दुकानदार म्हणाला.

"सायकली हायत किती गावात? पन्नास? पन्नास सायकलींपायी सगळ्या गावाची वाट अडवायली व्हय?" दुसरा म्हणाला.

"मोठ्या शहरात केलेल्या पट्ट्यावर हातगाड्या लागतात, म्या डोळ्यानं बघितलंय," तिसरा म्हणाला.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण राग ओसरल्यावर लक्षात आलं की त्यातला एकही माणूस मुलींच्या वाईटावर नव्हता. ज्याचं त्याचं पोट त्या रस्त्यावर होतं. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, बस वळणावर वळणार कशी? दवाखान्याची गाडी अडकली तर? या प्रश्नांना मला तरी उत्तर येत नव्हतं.

शेवटी हिंमतराव उठले. आवाज मोठा, पण बोलणं सरळ. "माझा इरोध आडमुठेपणाचा न्हाय. सीझनला माझ्या ट्रॉल्या ह्याच रस्त्यानं जाणार. पट्टा करून ट्रॉली बसत असंल तर करा. न्हाय बसली तर करू नका. मोजा. ट्रॉली माझ्या दारात उभी हाय."

सगळ्यांना ते पटलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सभा उठून तशीच हिंमतरावांच्या अंगणात गेली. दीपालीही मला घेऊन गेली आणि लिंबाखाली उभी राहिली.

ट्रॉली उन्हात उभी होती. सीझन संपून दोन महिने झालेले. बाजूच्या फाळक्यावर कोणाची तरी गोधडी वाळत होती आणि चाकाच्या सावलीत कुत्रीनं पिल्लं घातली होती. नगरपंचायतीचे इंजिनिअर साहेब वही घेऊन उभे राहिले. टेपचं एक टोक हिंमतरावांनी धरलं, दुसरं शिवराजनं.

"सात फुटांना दोन बोटं कमी," साहेबांनी वाचलं. "पट्टा सोडून ट्रॉलीच्या बाजूला नऊ फूट उरतात."

"मग बसायली की मापात! दोन्हीकडं जागा उरायली," हिंमतराव म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का. "माझं काय म्हणणं न्हाय मग. करा पट्टा."

मित्रांनो, त्या अंगणात चाळीस माणसं होती आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी जन्मभर ऊस भरला होता. उसाच्या मोळ्या ट्रॉलीत आडव्या रचतात, दोन्ही बाजूंनी त्यांची टोकं बाहेर येतात, हे शाळेतलं पोर सांगेल. पण मे महिन्यात ट्रॉली रिकामी असते, आणि समोर जे दिसतं तेच माणूस मोजतो. मला माहीत होतं. त्या टोकानं मला नालीत घातलं होतं. पण सायकलीला तोंड नाही. शिवराज टेपकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं टेप सोडला आणि उपरण्यानं तोंड पुसलं. ऊन फार होतं, असं मला तेव्हा वाटलं.

जूनमध्ये पट्टा झाला. उद्घाटनाला तेरखेड्याची फटाक्यांची माळ लावली. त्यानंतरचे पाच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते. सगळंच गोड होतं असं नाही. किराणा दुकानासमोर पट्ट्यावर मोटारसायकली लागायच्या, त्यांना वळसा घालावा लागायचा. ऑक्टोबरात तर लोकांनी पट्ट्यावर सोयाबीन वाळत घातलं. एवढी सपाट, स्वच्छ जागा दुसरी कुठं मिळणार? आम्ही सोयाबीनवरून गेलो तर म्हातारी ओरडायची, बाजूनं गेलो तर ट्रकवाला ओरडायचा. पण सात मुली रोज वेळेवर शाळेत पोचत होत्या. दीपाली सहामाहीत वर्गात तिसरी आली. हरणाबाई पट्टा बघायला मुद्दाम गावात आली, काठीनं एक खांब ढोसून पाहिला आणि म्हणाली, "बरं हाय. सीझनला बी हे असलं तर जाऊ दे पोरीला."

मग सीझन आला. पहिल्या दिवशी पहिला ट्रॅक्टर निघाला तो हिंमतरावांचाच, आणि चालवत होता शिवराज. दोन ट्रॉल्या, डोंगरासारखा ऊस. फाट्यापासूनच उसाची टोकं पिवळ्या खांबांना घासू लागली. खांब एकामागून एक लवत गेले, सतरा मोडले. वळणावर समोरून एसटी आली आणि सगळं जागच्या जागी थांबलं. शिवराजला पुढं जाता येईना, मागं दुसरे ट्रॅक्टर लागलेले. दोन तास गाव कोंडून पडलं. बाळंतपणाला निघालेल्या एका बाईची गाडी त्यात अडकली होती. चार माणसांनी तिला खुर्चीत बसवून उचलून पलीकडं नेलं. बाई सुखरूप बाळंत झाली, पण तिची सासू भर रस्त्यात त्या पट्ट्याला शिव्या देत होती आणि मला मान वर करता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. या वेळी हॉल भरून माणसं बाहेर उभी होती.

"साहेब, तुमी माप चुकीचं घेतलाव," हिंमतराव कडाडले.

"टेपचं एक टोक तुमच्याच हातात होतं," इंजिनिअर साहेब म्हणाले. "तुम्ही ट्रॉल्यांत ऊसच जास्त भरता."

"आता ऊस कसा भरायचा ते बी तुमीच शिकवा आमाला!"

आवाज चढत गेले. तारामतीबाईंनी टेबलावर हात आपटला तरी कोणी ऐकेना. तेवढ्यात मागून शिवराज पुढं आला. तो चारचौघांत कधी बोलत नाही, बापावर गेला आहे.

"साहेबांचं चुकलं न्हाय आन् मालकांचं बी न्हाय," तो म्हणाला. "टेपाचं दुसरं टोक माझ्या हातात हुतं. ट्रॉली रिकामी हाय, भरल्यावर दोन्ही अंगानं दीड-दीड फूट ऊस भाईर येतो, हे मला तवाच ध्येनात आलं. म्या बोललो न्हाय."

हिंमतरावांनी विचारलं, "कामून?"

"पोरगी दहावीला हाय, मालक."

"सोळा वर्सं माझा ट्रॅक्टर तुझ्या हातात दिला, शिवराज. एक शबुद मला सांगितला असतास तर?"

"तर तुमी पट्टा होऊ दिला नसताव."

"नसता दिला," हिंमतराव म्हणाले. "पर तू मला गावासमोर खोटा पाडलास. चावी ठेव."

शिवराजनं खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. दारात उभ्या असलेल्या दीपालीनं माझं हँडल घट्ट धरलं होतं. आपल्यासाठी बापानं काय केलं आणि त्यापायी काय गमावलं, हे तिला एकाच क्षणी कळलं. मला वाटलं, आता ही पळून जाईल. ती मला भिंतीला टेकवून आत गेली.

"मी एक इचारू का?" ती म्हणाली. तारामतीबाई म्हणाल्या, "बोल बाळ."

"काका, कारखान्याच्या दारात तुमचा ट्रॅक्टर किती येळ उभा ऱ्हातो?"

"कवा आठ तास, कवा दिसभर," हिंमतराव म्हणाले.

"मग शाळा भरायच्या येळंला फाट्यावर अर्धा तास उभा केला तर?"

"नंबर जातो, बाळ," हिंमतराव म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "आपण थांबलो की मागचा म्होरं जातो. एक नंबर गेला की ऊस दिसभर उन्हात वाळतो. मी थांबीन, बाकीचे थांबतील का?"

शेवटी ठरलं की वळणावरचे खांब सीझन संपेपर्यंत काढायचे, बाकीचे राहू द्यायचे. म्हणजे जिथं गरज सगळ्यांत जास्त, तिथंच पट्टा उघडा. एसटीचं आणि दवाखान्याच्या गाडीचं बघता दुसरं काय करणार होते, हे मलाही सांगता येत नाही.

रविवारी वस्तीवर कोणी धड जेवलं नाही. हरणाबाई म्हणाली, "वळणावर खांब न्हायत, तर शाळा बी न्हाय." शिवराज म्हणाला, "आई, आता म्या रिकामाच हाय. मोटारसायकलवर सोडीन तिला."

"मला सोडाल, अप्पा," दीपाली म्हणाली. "बाकीच्या सहा जणींना कोण सोडणार? सगळ्या माझ्यामागं येत्यात. मी न्हाय गेले तर कुणीच जायची न्हाय."

हरणाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "सकाळी मला गावात सोड, शिवराज. वळणापशी." तिच्या मनात काय होतं ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

सोमवारी दहा वाजता आम्ही सात जणी फाट्यावर पोचलो. मागून ट्रॅक्टरची रांग येत होती. पहिला ट्रॅक्टर हिंमतरावांचा, आणि सीटवर खुद्द हिंमतराव. भर सीझनमध्ये दुसरा ड्रायव्हर मिळतो कुठं? तरुणपणी ते स्वतः चालवायचे, पण त्याला वीस वर्षं झाली होती आणि तेव्हा ट्रॉली एकच असायची. फाट्यापासून वळणापर्यंत ते आणि आम्ही शेजारीशेजारी चाललो. ते रस्त्यावर, आम्ही खांबांच्या आत. उसाची टोकं आमच्या डोक्यावरून जात होती.

खांब संपले, वळण आलं, आणि रस्त्याच्या मधोमध हरणाबाई उभी होती. हातात मेंढरांची काठी, दोन्ही हातांनी आडवी धरलेली.

ही धनगरांची रीत आहे. कळप रस्ता ओलांडायला निघाला की पुढचा माणूस काठी आडवी धरून उभा राहतो. आमच्या भागात ती काठी बघून ट्रकवालासुद्धा थांबतो. कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

हिंमतरावांनी ब्रेक दाबला. दोन ट्रॉल्या कण्हल्या आणि थांबल्या. मागं भोंगे सुरू झाले.

"हरणाबाई, बाजूला व्हा! मागं वीस गाड्या हायत!"

"माझी मेंढरं निघाल्यावर तुमी कवा भोंगा वाजवलाव का, हिंमतराव?" हरणाबाई जागची हलली नाही. "इंजिन बंद करून बसत हुताव. मग ह्या लेकी काय मेंढरापेक्षा हलक्या हायत का?"

"कुठल्या लेकी?" हिंमतरावांनी मान वळवली. मागं नुसता ऊस. तेव्हा दीपाली मला घेऊन ट्रॉलीच्या बाजूनं पुढं आली. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. सातही जणी बाहेर येईपर्यंत हिंमतराव बघत राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

"तुमी कुठं हुताव गं?"

"तुमच्या शेजारीच, काका," दीपाली म्हणाली. "फाट्यापासनं."

हिंमतरावांनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं. मागचे भोंगे अजून चालू होते, तर ते सीटवर उभे राहिले आणि मागं वळून ओरडले, "बंद करा रं! लेकरं जायलीत!" आम्ही वळण ओलांडलं. सात मुलींना किती वेळ लागतो? शंभर आकडे मोजून होत नाहीत तेवढा.

त्या संध्याकाळी हिंमतराव वस्तीवर आले. खाटेवर बसले, चहा घेतला. शिवराजकडं न बघता म्हणाले, "तू केलास ते मला पटलं न्हाय आन् पटणार बी न्हाय. पर त्या सीटवर बसल्यावर काय काय दिसत न्हाय, ते तुला सोळा वर्सं ठावं हुतं. मला आज कळलं." त्यांनी चावी खाटेवर ठेवली. "सकाळी ये. दहाला फाट्यावर थांबायचं. नंबर गेला तर माझा जाईल." शिवराज उठून खोपटाच्या आडोशाला आला आणि माझ्याजवळ उभा राहून रडला. लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या दांडीवर बसून रडला होता तसाच.

मित्रांनो, गोष्टीत असतं तसं पुढं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. काही ट्रॅक्टर थांबतात, काही थांबत नाहीत. हरणाबाई दोन आठवडे काठी घेऊन उभी राहिली, मग तिचे गुडघे धरले. आता आळीपाळीनं मुलींच्या आया उभ्या राहतात. हॉटेलात अजूनही वाद होतो. पट्टा पाहिजे म्हणणारे आणि नको म्हणणारे एकाच टेबलावर बसून चहा पितात आणि भांडतात. मागच्या आठवड्यात इंजिनिअर साहेब पुन्हा टेप घेऊन आले. या वेळी ट्रॉली भरलेली होती. शिवराजनं टेप उसाच्या टोकापर्यंत ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं, "दहा फूट." ट्रॅक्टरसाठी गावाबाहेरचा कच्चा रस्ता पक्का करायची चर्चा आता सुरू आहे. होईल तेव्हा खरं.

तुमच्याकडं माझं मागणं मोठं नाही. घरात जुनी सायकल लटकत असेल तर तिला खाली उतरवा, तेल घाला, हवा भरा. तुमच्या गावात रस्त्यावरून वाद झाला तर भांडा, खुशाल भांडा, पण माप घ्याल ते शाळा भरायच्या वेळेला घ्या, बाजाराच्या दिवशी घ्या, भर सीझनमध्ये घ्या. आणि टेपचं टोक तुमच्या हातात असताना काही ध्यानात आलं, तर त्याच वेळी बोला. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.

दीपालीच्या परीक्षेला आता पाच आठवडे उरले आहेत. उद्या दहा वाजता आम्ही सात जणी फाट्यावर असू. तुम्ही मागून येत असाल, तर जरा थांबा.